चाकातली घरघर : व्हील बेअरिंग का झिजतं, कसं ओळखायचं, कसं बदलायचं

(रत्नागिरीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय चाकाच्या बेअरिंगचा. गणपती जवळ आले की मुंबई-पुण्याच्या गाड्या खाली यायला लागतात. पाच जणांच्या गाडीत सात जण, डिकी भरलेली, टपावर बोचकी. त्यातल्या काही गाड्यांमधून साठच्या पुढे गेलं की एक घुमणारा आवाज येतो. लांबून विमान गेल्यासारखा. घरची मंडळी म्हणतात, ‘टायरचा असेल.’ काच वर करतात, गाणी मोठी लावतात, आणि पुढे निघतात. टायरचाही असू शकतो, नाही असं नाही. पण बेअरिंगचा असला, तर पुढे कशेडी आहे, परशुराम घाट आहे, आणि चाक ज्याच्या आधारावर फिरतं तोच भाग आतून झिजत चाललेला आहे. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. हे बेअरिंग म्हणजे नक्की काय, कोकणात ते लवकर का जातं, आणि ते ओळखायचं आणि बदलायचं कसं.

बैलगाडीपासून सुरुवात करू

बैलगाडीत काय असतं? आख स्थिर, आणि त्यावर चाकाचा तुंबा फिरतो. आखावर तुंबा घासतो, म्हणून मध्ये वंगण घालायचं. वंगण संपलं की चाक कुरकुरायला लागतं, गाडीवान उतरून वंगण घालतो, झालं. ताशी चार-पाच किलोमीटरला हे चालतं. मोटारीला चालणार नाही. का, ते आकड्यांत बघा. साध्या छोट्या कारच्या टायरचा घेर साधारण १.८५ मीटर धरला, तर एका किलोमीटरला चाक सुमारे ५४० वेळा फिरतं. ताशी ६० च्या वेगाला सेकंदाला नऊ फेरे. मुंबई ते रत्नागिरी ३४० किलोमीटर धरले, तर एका प्रवासात एकेक चाक एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास फेरे मारतं. आणि तेही अडीचशे-तीनशे किलोचा भार अंगावर घेऊन.

इतके फेरे घासून मारता येत नाहीत, ते गडगडत मारावे लागतात. जड लाकडाचा ओंडका ओढण्यापेक्षा खाली गोल काठ्या टाकून ढकलला तर सोपा जातो, तेच तत्त्व. सायकलच्या चाकात छर्रे असतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. चाकाच्या आखात छर्रे बसवायचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी १७९४ मध्येच घेतलं होतं, आणि तेही घोडागाडीसाठी.

पण छर्ऱ्यांनी एक प्रश्न सुटत नव्हता. गाडी वळते तेव्हा चाकावर फक्त वरून भार येत नाही, बाजूनेही रेटा येतो. अमेरिकेत सेंट लुईसला हेन्री टिमकेन नावाचे घोडागाड्या बनवणारे कारखानदार होते. त्यांनी याच अडचणीवर उत्तर म्हणून निमुळते रोलर वापरले. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक. त्याचं पेटंट १८९८ चं. निमुळता रोलर तिरका बसतो, म्हणून वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही एकदम पेलतो. पुढे १९०७ मध्ये स्वीडनच्या स्वेन विंगक्विस्ट यांनी आख थोडा वाकडा झाला तरी जुळवून घेणारं बेअरिंग काढलं, आणि त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. तिचा एक कारखाना आपल्याकडे चिंचवडला आहे.

आत काय असतं

बेअरिंग उघडलं तर पाच वस्तू दिसतात. एक बाहेरचं कडं, एक आतलं कडं, त्यांच्यामध्ये छर्रे किंवा रोलर, ते एकमेकांवर आपटू नयेत म्हणून एक जाळी, आणि ग्रीस. दोन्ही बाजूंनी रबराचं सील, म्हणजे ग्रीस बाहेर जाणार नाही आणि पाणी-माती आत येणार नाही. गॅरेजमध्ये कड्याला ‘रेस’ म्हणतात आणि जाळीला ‘केज’.

जुन्या जीपसारख्या गाड्यांत एका चाकाला दोन वेगळी निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात, एक आतल्या अंगाला, एक बाहेरच्या. ती काढता येतात, धुता येतात, पुन्हा ग्रीस भरता येतं, आणि नट कमी-जास्त करून बसवता येतात. आजच्या बहुतेक कारमध्ये एकाच तुकड्यात छर्ऱ्यांच्या दोन रांगा असतात, आणि ग्रीस कारखान्यातच भरून कायमचं बंद केलेलं असतं. त्यातही दोन प्रकार. काहींमध्ये हे बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या ओतीव भागात, दाबून बसवलेलं असतं. काहींमध्ये हब आणि बेअरिंग एकच, तीन-चार बोल्ट काढले की अख्खं हातात येतं. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे दुरुस्तीआधी कळलंच पाहिजे, कारण कामाची पद्धत पूर्ण वेगळी आहे.

आता छर्रा कड्याला टेकतो कुठे? चपट्या तिळाएवढ्याही नाही इतक्या छोट्या ठिकाणी. सगळा भार तेवढ्यावर. म्हणून पोलाद कितीही उत्तम असलं, तरी लाखो वेळा दाब येऊन ते थकतं. पृष्ठभागाच्या किंचित खाली बारीक तडा जातो, तो वर येतो, आणि एक खपली निघते. रस्त्यावर पहिला खड्डा पडतो तसंच. पहिला पडला की प्रत्येक छर्रा त्यात आपटतो, कडा तुटतात, खड्डा वाढतो. तुम्हाला जी घरघर ऐकू येते ती हीच.

भार आणि आयुष्य यांचं नातं सरळ नाही. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचा हिशोब असा, की भार दुप्पट केला तर आयुष्य अर्धं होत नाही, एक अष्टमांश होतं. घनाचं गणित आहे ते. भार फक्त २० टक्क्यांनी वाढवला, तरी आयुष्य साधारण ५८ टक्क्यांवर येतं. टपावरच्या बोचक्यांचा हिशोब असा बेअरिंगमध्ये लागतो. अर्थात एका गणपतीच्या फेरीने बेअरिंग जात नाही. पण वर्षभर तीच गाडी तशीच भरून पळत असेल, तर फरक पडतोच.

कोकणात ते लवकर का जातं

खरं सांगायचं तर, बरीच बेअरिंगं थकून मरत नाहीत. पाणी, माती किंवा धक्क्याने मरतात. आणि आपल्याकडे तिन्ही भरपूर आहे.

पहिलं पाणी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सील पावसाचे शिंतोडे थोपवतं. ते हरतं ते वेगळ्या कारणाने. घाट उतरताना तुम्ही ब्रेक लावता, ब्रेकची डिस्क तापते. डिस्क हबला जोडलेली, हब बेअरिंगमध्ये. म्हणजे बेअरिंगही तापतं, आतली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. खाली उतरलात, आणि एखाद्या पऱ्याचं पाणी रस्त्यावर आलंय. गरम हब थंड पाण्यात. आतली हवा एकदम आकसते, आत पोकळी तयार होते, आणि बेअरिंग सीलच्या ओठाजवळून पाणी ओढून घेतं. गरम भांड्यावर झाकण ठेवून ते गार पाण्यात धरा, झाकण घट्ट बसतं. तीच गोष्ट. एकदा पाणी आत गेलं की सीलच त्याला बाहेर येऊ देत नाही. ग्रीस दुधाळ होतं, पोलादाला गंज धरतो.

म्हणून उपाय साधा. घाट उतरून लगेच पाण्यात घालू नका. पाच-दहा मिनिटं थांबा, चहा घ्या. पाणी हबच्या वर असेल तर घालूच नका, आणि त्याचं कारण बेअरिंगपेक्षा मोठं आहे.

पुरात बुडालेल्या गाडीचं वेगळं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शहरात घुसलं, तेव्हा कितीतरी गाड्या पूर्ण पाण्याखाली होत्या. अशा गाडीत सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे, सीटकडे, वायरिंगकडे जातं. ते बरोबरच आहे. पण पुराचं पाणी म्हणजे पातळ चिखल. तो बेअरिंगमध्ये गेला असेल तर गाडी चालू झाल्यावर पहिल्या दिवशी काही कळत नाही. गंज आणि रेती हळूहळू काम करतात, आणि आवाज नंतर येतो. तोवर मालक ‘गाडी सुटली’ म्हणून निर्धास्त झालेला असतो. बुडालेल्या गाडीची चारही बेअरिंगं तपासून घ्यायचीच, आणि पुढचे काही महिने कान उघडे ठेवायचे.

दुसरं मीठ. गाडी घेऊन थेट किनाऱ्यावर जायचं एक वेड आलंय. वाळूत चाक रुततं, भरती येते, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. गाडी निघते, पण खारं पाणी आणि बारीक वाळू हबपाशी राहते. खाऱ्या पाण्यात गंज कितीतरी वेगाने धरतो. असं झालंच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आतल्या बाजूने धुवा. पण सर्व्हिस सेंटरचा जोरदार फवारा सीलवर सरळ धरू नका, तो पाणी आत ढकलतो.

तिसरं, खड्डे. वेगात खड्ड्यात चाक आपटलं की छर्रे कड्यात रुततात आणि बारीक खळगे पडतात. त्या दिवशी टायर आणि रिम बघून आपण ‘काही झालं नाही’ म्हणतो. महामार्गाचं काम चालू असलेल्या वळणरस्त्यांवर हे नेहमीचं आहे. आवाज त्यानंतर सुरू होतो.

ओळखायचं कसं

आता कामाची गोष्ट. आवाज बेअरिंगचाच आहे, हे ठरवायला चार कसोट्या आहेत.

एक, वेग. आवाज वेगाबरोबर वाढतो, पण इंजिनाबरोबर वाढत नाही. सुरक्षित, मोकळ्या रस्त्यावर गिअर एक खाली घ्या. इंजिन जोरात फिरेल, पण घरघर तेवढीच राहिली, तर दोष चाकाच्या बाजूला आहे.

दोन, रस्ता. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. डांबरावर एक, काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगचा आवाज बहुतेक तसाच राहतो.

तीन, वळण. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणावर आवाज वाढला आणि डाव्या वळणावर कमी झाला, तर संशय डाव्या बाजूवर. हा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, पण दोन रांगांच्या बेअरिंगमध्ये कोणती रांग खराब आहे त्यावर कधी उलटंही होतं. म्हणून एवढ्यावरून बेअरिंग विकत आणू नका. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर ‘कट कट’ असा आवाज येत असेल, तर तो बेअरिंगचा नव्हे, तो ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचा.

चार, हात. सपाट जागेवर गाडी लावा, दुसऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, जॅक लावून चाक उचला, आणि खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. आता चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड लागली, तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर हब आणि नकल एकमेकांना जखडले जातात. त्यामुळे ढिलाई गेली, तर ती बेअरिंगची होती. ब्रेक दाबूनही राहिली, तर बॉल जॉइंट बघा. तीन आणि नऊच्या जागी हलवल्यावरच ढिलाई लागत असेल, तर स्टिअरिंगचा टाय रॉड तपासा.

ढिलाई नसली म्हणजे बेअरिंग चांगलं, असं मात्र नाही. एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर अलगद ठेवा. बेअरिंग खराब असेल तर हाताला बारीक खरखर जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या आधी. फिरत्या टायरपासून बोटं लांब ठेवा.

बदलताना

बोल्टवालं युनिट असेल तर काम सोपं. आपल्याकडे अडचण एवढीच येते, की ते गंजून नकलला चिकटलेलं असतं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं लागतं.

दाबून बसवलेलं असेल तर क्रम असा. गाडी जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करायचा. मग गाडी उचलून स्टँडवर घ्यायची, चाक काढायचं. ब्रेकचं कॅलिपर सोडून तारेने वर बांधायचं, त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवायचं नाही. डिस्क, एबीएसचा सेन्सर, टाय रॉड आणि बॉल जॉइंट सोडवून नकल बाहेर. मग प्रेसवर आधी हब दाबून बाहेर काढायचं. त्या वेळी बेअरिंगचं आतलं कडं बहुधा हबवरच अडकून येतं, ते पुलरने काढायचं. नकलमधली सर्क्लिप काढायची, आणि जुनं बेअरिंग दाबून काढायचं. बसायची जागा स्वच्छ पुसायची. एक रेतीचा कण राहिला तरी नवं बेअरिंग तिरकं बसतं.

आता आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल, तर ते हे : जे कडं घट्ट बसणार आहे, त्याच कड्यावर जोर द्यायचा. बेअरिंग नकलमध्ये जाताना बाहेरचं कडं घट्ट बसतं, म्हणून जोर बाहेरच्या कड्यावर. नंतर हब आत जाताना आतलं कडं घट्ट बसतं, म्हणून खालून आधार आतल्या कड्याला. हे उलट केलं की काही टनांचा जोर छर्ऱ्यांमधून जातो. ते कड्यात रुततात, आणि नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. गाडी रस्त्यावर आली की पंधरा दिवसांत तोच आवाज. मग म्हणायचं, ‘माल डुप्लिकेट होता.’ बाजारात बनावट बेअरिंगं आहेत, हे खरंच, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, पावतीसह घ्या. पण हातोड्याने बसवलेलं अस्सल बेअरिंगही टिकत नाही. म्हणून गॅरेजवाल्याला विचारा, ‘प्रेस आहे का?’ नसेल, तर त्याने नकल काढून प्रेसवाल्याकडे न्यावी. चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही.

काही जण बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवतात. त्यात तथ्य आहे. ७२ मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग ४५ अंशांनी थंड केलं, तर ते सुमारे ०.०४ मिलिमीटरने आकसतं, आणि बसायला तेवढंही पुरतं. पण आपल्या दमट हवेत थंड पोलादावर लगेच पाणी धरतं. म्हणून पिशवीत घट्ट बंद करून ठेवा, आणि काढलं की लगेच बसवा. गॅसची ज्योत मात्र बेअरिंगवर कधीच नाही. ग्रीस जळतं आणि पोलादाचा कडकपणा जातो.

ज्या बेअरिंगच्या एका सीलमध्ये एबीएसची चुंबकी पट्टी असते, ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बसलं तर चाक छान फिरेल, पण एबीएसचा दिवा लागेल आणि सगळं काम पुन्हा करावं लागेल. ती पट्टी चुंबकाजवळ किंवा लोखंडाच्या किसाजवळ ठेवू नका.

शेवटी मधला नट. तो नवाच घ्या. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या जोराएवढाच, टॉर्क रेंचने आवळा. हा नटच दोन रांगांमधला दाब ठरवतो. म्हणून तो पुरता आवळायच्या आधी गाडी चाकांवर उतरवायची नाही, ढकलायचीही नाही. चाक हवेत असतानाच कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून आवळायचा.

जुन्या निमुळत्या बेअरिंगमध्ये याच्या उलट. तिथे चाक फिरवत नट आवळायचा, मग सोडायचा, मग हलकाच लावायचा, आणि किंचित मोकळीक ठेवून नवी स्प्लिट पिन घालायची. जास्त आवळलं की ते तापून जातं. रोलर आणि त्याचं बाहेरचं कडं ही जोडी असते, एक जुनं एक नवं असं घालायचं नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*आवाज यायला लागल्यावर गाडी किती किलोमीटर चालेल?*

आकडा सांगणं म्हणजे फसवणूक होईल. लक्षणं सांगतो. नुसती घरघर असेल, चाकात ढिलाई नसेल, तर वजन कमी करून, हळू, जवळच्या गॅरेजपर्यंत न्या. चाकात ढिलाई असेल, करकर असा धातू घासल्याचा आवाज असेल, एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप तापत असेल, किंवा ब्रेकचा पेडल अधूनमधून खोल जात असेल, तर तिथेच थांबा आणि गाडी उचलून न्या. डिस्क डुगडुगली की ब्रेकचे पॅड मागे ढकलले जातात, म्हणून पेडल खोल जातो. घाटात ते नको.

*एक गेलं तर समोरचंही बदलावं का?*

सक्ती नाही. समोरचं तपासा. गाडी पुरात बुडाली असेल किंवा दोन्ही बाजूंना सारखाच मार बसला असेल, तर बदललेलं बरं.

*नुसतं ग्रीस भरून भागेल का?*

बंद बेअरिंगमध्ये भरताच येत नाही. उघड्या बेअरिंगमध्ये भरता येतं, पण कड्यावर एकदा खपली निघाली की ग्रीसने ती भरत नाही. आवाज चार दिवस दबेल, इतकंच.

*गणपतीला निघण्याआधी घरच्या घरी काय बघावं?*

चारही चाकं एकेक करून उचला, हलवा, हाताने फिरवून बघा. त्या आधी कुणाला तरी मागच्या सीटवर बसवून, गाणी बंद करून, दहा किलोमीटर फिरवून आणा. मागच्या चाकाचा आवाज मागे बसणाऱ्याला आधी कळतो. एवढ्याला एक तास पुरतो. काही सापडलं तर निघायच्या आठवडाभर आधी सापडू दे, म्हणजे पार्टही मिळतो आणि मिस्त्रीलाही वेळ असतो. आदल्या संध्याकाळी सापडलं, तर सरळ एसटीने जा. गाडी मागाहून येईल.